मी दर रविवारी का बसायचो

मी बोलतोय, पण नाइलाजानं. मला गाडी म्हणा, डबा म्हणा, आहे मी गडीमाणूस. आणि गडीमाणसानं आपली दुखणी चारचौघांत उगाळू नयेत असं माझं मत. पण कोथरूडच्या या सोसायटीत जिन्यात माझा विषय, लिफ्टमध्ये माझा विषय. कुणी म्हणतं मला झपाटलं होतं, कुणी म्हणतं मी रविवारचा उपास धरायचो. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हा काय झालं ते एकदाच सांगून टाकतो. पुन्हा विचारायला येऊ नका.

शिकलेला मी नाही. पुढच्या पाटीवर एक नंबर, मागच्या पाटीवर तोच नंबर आणि टाकीच्या झाकणावर 'डिझेल', एवढीच माझी अक्षरओळख. पण कारखान्यातून निघालो तेव्हा अंगानं दणकट होतो. मागच्या दोन्ही बाजूंना पोलादी पाटे होते. वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या, गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. खड्ड्यात गेलो की आतल्या माणसांची हाडं खिळखिळी व्हायची, माझं काही बिघडायचं नाही.

वारज्याच्या एका शेतकऱ्यानं मला घेतलं. दुधाचे कॅन, कडबा, खताची पोती, बाळंतपणाला निघालेल्या लेकीबाळी, सगळं वाहिलं. कुरकुर केली ती फक्त दारांनी.

पुढं म्हातारा गेला. वारज्यात शेतांच्या जागी इमारती उगवायला लागल्या आणि मी आलो त्याच्या लेकाच्या, सर्जेरावाच्या हाती. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते. त्यानं कुठंतरी बघितलं, की बटण दाबलं की गाडी खाली बसते, दाबलं की उठते. झालं. माझे पाटे उपटले आणि त्या जागी हवेचे रबरी फुगे घातले. डिकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर, शेजारी हवेची टाकी आणि अंगभर नळ्या, दवाखान्यातल्या पेशंटसारख्या. पाटे गेले लोहाराकडं, त्यांचे कोयते झाले. माझं कंबरडं आज कुठंतरी ऊस तोडत असेल.

सर्जेरावाच्या चुलतभावाचं लग्न निघालं. नवरदेवाला आत बसवून वरातीपुढं त्यानं मला नमस्कार करायला लावला. मी बसलो तो उठलोच नाही. बँडवाले तेच गाणं वाजवून दमले. नवरदेव शेवटी कुणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून मांडवात पोचला. सर्जेराव जमलेल्या लोकांना म्हणाला, "गाडीच नाटकी हाय." स्वतः केलेला उद्योग माझ्या नावावर लावून मोकळा.

त्यानंतर मी गोठ्यामागं पडलो. बुडाशी गवत आलं, उंदरांनी नळ्या चाखल्या. एका कोंबडीनं ब्रेकच्या पायाशी अंडी घातली. तिची पिल्लं निघेपर्यंत मला कुणी हलवलं नाही, तेवढं एक बरं झालं.

मग आले श्यामसुंदरराव आगाशे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मात पेनापेक्षा जड वस्तू हातात धरली नाही. असल्या माणसाला माझ्यासारखं धूड कशाला हवं? तर बायकोसाठी.

नीरजाबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हादरा बसता कामा नये. पुण्यात हादरा नको म्हणजे घरातच बसा असाच त्याचा अर्थ. आणि त्यांची थोरली बहीण, सुनीतीताई, नारायण पेठेत अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. दीड वर्ष झालं, बहिणीबहिणींची भेट नाही. कोथरूड ते नारायण पेठ म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. एकदा बाई रिक्षानं निघाल्या, पण सोसायटीच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवरच कळवळल्या आणि तिथूनच परत आल्या. तो स्पीडब्रेकर श्यामसुंदररावांनीच, सेक्रेटरी असताना, कमिटीशी भांडून चार बोटं उंच करून घेतला होता.

सुनीतीताईंचं अर्धं अंग गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती, जरा जास्तच. फोनवर धाकटीला म्हणाल्या, "मी गेल्यावर येणार आहेस का? त्या दिवशी गर्दी असते, बसायला जागा मिळायची नाही."

त्यावर बाई हसल्या आणि फोन ठेवून रडल्या. श्यामसुंदरराव दुसऱ्या दिवशी वारज्याला. सर्जेराव त्यांना म्हणाला, "काका, काकूंना पाळण्यात बसल्यागत वाटंल. दारात न्या, बटण दाबा, चढायला सोपं म्हणून खाली बसती बगा." खोटं नव्हतं. अर्धं खरं होतं.

कोथरूडला आलो आणि दोन दिवसांत मागून खाली बसलो. उंदरांनी कुरतडलेली नळी फुसफुसत होती. श्यामसुंदरराव मेकॅनिककडं जातील असं मला वाटलं. छे. मोबाइलवर व्हिडिओ बघून म्हणाले, यात आहे काय एवढं? साबणाचं पाणी केलं आणि दाढीच्या ब्रशानं माझ्या नळ्यांना फेस लावत बसले. बुडबुडा जिथं येईल तिथं गळती. सापडली की हो. तेवढा तुकडा कापून नवा जोडला आणि मी उठलो. लहान पोराला पहिला दात आल्यावर आई सांगत सुटते तसं त्यांनी ते मजल्या-मजल्यावर सांगितलं. चटई टाकून माझ्या पोटाखाली उताणे झाले आणि सगळीकडं ग्रीस लावलं, लागत होतं तिथं आणि नव्हतं तिथंही. संध्याकाळी नीरजाबाई म्हणाल्या, तुमच्या गालाला साबणापेक्षा ग्रीसचाच वास जास्त येतोय.

ठरलं की येत्या रविवारी नारायण पेठेत जायचं. जायचं ते रविवारीच, कारण त्या दिवशी सुनीतीताईंची सून घरी असते, उठवाबसवायला.

रविवारी सकाळी बघतात तो मी कुत्र्यासारखा मागच्या पायांवर बसलेलो.

आता घोडं पेंड कुठं खात होतं ते सांगतो. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगणार कुणाला? मला हॉर्न आहे, पण तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

माझ्या मागच्या डाव्या चाकाआड बोटाएवढी एक दांडी आहे. माझी उंची मला तीच सांगते. दांडी खाली झुकली की मला वाटतं आपण फार वर आलो, मी हवा सोडतो. वर आली की वाटतं ओझं पडलंय, मी हवा भरून घेतो. यापुढं माझी अक्कल चालत नाही.

शनिवारी संध्याकाळी श्यामसुंदरराव फिरायला गेले की त्यांच्या घरी कामाला येणारी सोजरबाई खाली यायची. तिच्या पदराखाली लिंबू आणि मिरच्या. नीरजाबाईंनी दिलेल्या. बाईंना स्वतःला वाकता येत नाही. आणि नवऱ्याला तर कळून चालणार नव्हतं, कारण कुणाच्या गाडीला लिंबू-मिरची दिसली की हे गृहस्थ थांबून त्या माणसाला विज्ञान समजावून सांगत, त्याला घाई असली तरी. म्हणून बाईंनी बजावलेलं, साहेबांच्या नजरेला पडायला नको. सोजरबाई चाकाआड हात घालायची, दोरा बांधायची आणि लिंबू पडू नये म्हणून ते माझा सांगाडा आणि ती दांडी यांच्या फटीत गच्च कोंबायची. ताजं, टणक लिंबू. दांडी खाली. मला वाटायचं, आपण आता आभाळाला टेकणार. सोडायचो हवा.

मग ते लिंबू सुकायला लागायचं. गुरुवारपर्यंत त्याची सुपारी व्हायची आणि दांडी सुटायची. मधल्या काळात श्यामसुंदररावांनी काहीतरी बदललेलं असायचंच. एका आठवड्यात कॉम्प्रेसरची वायर, पुढच्या आठवड्यात टाकीचा नळ. गुरुवारी कॉम्प्रेसर चालू केला की मी उठायचो आणि श्रेय त्या वायरीला. मी बसलेला असताना त्यांचं पोट माझ्याखाली मावत नसे, म्हणून ते खाली शिरायचे ते मी उठल्यावरच. तोवर लिंबू काळं पडलेलं, मिरच्या वाळून गळलेल्या. त्यांनी ते पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, सांध्यातलं रबरी बुश समजले आणि त्यालाही ग्रीस लावलं. शनिवारी जुनं लिंबू काढताना सोजरबाईच्या हाताला ते चिकट लागायचं. ती पदराला हात पुसून मलाच शिव्या द्यायची.

असे किती रविवार गेले. नीरजाबाई सकाळी नवी साडी नेसून, कमरेला पट्टा बांधून तयार, आणि मी बसलेलो. शनिवारी रात्री हवेचा दाब उतरतो की काय, म्हणून श्यामसुंदरराव हवामानाच्या बातम्या ऐकायला लागले. एकदा तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, हळूच सोजरबाईला विचारत होते, शनीचं नेमकं काय असतं गं?

शेवटी एका रविवारी सुनीतीताईंच्या सुनेचा फोन आला. ताईंचं खाणं कमी झालंय, मावशींना जमेल तसं आणा. मी बसलेलोच. श्यामसुंदररावांनी भंगारवाल्याला फोन लावला आणि उद्या या म्हणून सांगितलं. मग आठवलं की दाढीचा ब्रश माझ्याखाली राहिलाय. ब्रशासाठी त्यांनी मला जॅकवर चढवलं, खाली लाकडी ठोकळे लावले आणि आत शिरले. आणि ताज्या लिंबासकट मी त्यांना पहिल्यांदाच दिसलो.

बाहेर नुसते पाय, आणि आतून व्याख्यान सुरू. एकविसाव्या शतकात, सुशिक्षित सोसायटीत, माझ्या गाडीला, वगैरे. तेवढ्यात नीरजाबाई कमरेचा पट्टा सावरत, सोजरबाईचा हात धरून खाली आल्या.

"कुणी बांधलं हे?" पायांकडून आवाज आला.

"म्या," सोजरबाई म्हणाली. "साहेबांना दिसू देऊ नको म्हनल्या बाई. मंग कुठं बांधू, तुमच्या चष्म्याला?"

ते बाहेर सरकले. कपाळाला ग्रीस, हातात लिंबू. बायकोकडं बघून म्हणाले, "नीरजा, अगं तू शाळेत विज्ञान शिकवायचीस."

"शिकवायचे. मुलांना."

"मग हे कशासाठी?"

"तुम्ही हिच्याखाली झोपता," नीरजाबाई म्हणाल्या. "मला गॅलरीतून नुसते पाय दिसतात."

लिंबू श्यामसुंदररावांनी खिशात घातलं. फेकलं नाही. ठोकळे काढले, जॅक उतरवला, कॉम्प्रेसर चालू केला. दांडी आपल्या जागेवर गेली आणि मी उठलो. पुरता उठलो. भंगारवाल्याला त्यांनी नको म्हणून कळवलं आणि मला बाईंच्या पायाशी खाली बसवून दार उघडलं.

"चल. आता खाली नाही झोपत, पुढं बसतो."

फाटकातल्या त्या स्पीडब्रेकरवर नीरजाबाईंनी डोळे मिटून सीट घट्ट धरली. थोड्या वेळानं विचारलं, आला का तो? तेव्हा आम्ही कर्वे रस्त्याला लागलो होतो. लकडी पुलावर त्यांनी काच खाली केली आणि नदीकडं बघत राहिल्या.

नारायण पेठेतल्या गल्लीत मी आडवा लागलो. तळमजल्याची खोली, खिडकीशी कॉट. सुनीतीताईंनी मान वळवली. "आलीस? मला वाटलं, रविवारी तुमची गाडी बंद असते." मग दोघींनी हात धरले. आणि एकदम दोघी बोलायला लागल्या. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. बहिणींत ते चालतं. निघायच्या आत ताईंनी पेजेची वाटी संपवली, धाकटीच्या हातानं.

बाहेर एक स्कूटरवाला अडकला होता. म्हणाला, "काका, गाडी लावलीय की पेरलीय?"

"पेरलीय," श्यामसुंदरराव म्हणाले. "उगवली की काढतो."

आता आम्ही दर रविवारी जातो. लिंबू माझ्या पुढच्या बंपरला असतं, उघड्यावर. सोजरबाई बांधते आणि श्यामसुंदरराव त्या वेळी दुसरीकडं बघतात. त्यांनी माझ्या बॉनेटवर थाप मारून 'चुकलं बाबा' म्हटलंय, ते मला पोचलं. सर्जेरावाला मी सोडून दिलंय. ज्याला अक्कल नाही त्याच्यावर राग धरून काय करायचं? सोजरबाईनं सांगितलेलं काम केलं. भंगारवाल्याला तर यायलाच मिळालं नाही.

पण एक राहिलंच. जन्मभर मी माणसं वाहिली. वरातीत बसलो, गोठ्यामागं बसलो, माणसाच्या अंगावर कधी बसलो नाही. श्यामसुंदरराव माझ्या पोटाखाली उताणे असायचे तेव्हा मी तेवढा वेळ चार चाकांवर जीव धरून उभा असायचो, एक सुस्काराही टाकला नाही. आणि नवऱ्याला माझ्यापासून वाचवायला बाईंनी राखण म्हणून ठेवलं काय, तर लिंबू. नवऱ्याची त्यांनी माफी मागितली. उशीर झाला म्हणून बहिणीची मागितली. हाताला ग्रीस लागलं म्हणून सोजरबाईचीसुद्धा मागितली. माझी अजून मागितलेली नाही. कुणी, ते नाव घेऊन सांगतो: नीरजा श्यामसुंदर आगाशे.