टीव्हीच्या खांबातली शक्ती

गुरुवारी सकाळी पुलगावजवळच्या आमच्या गावात शंभरेक माणसं पाय धुऊन, चपला हातात घेऊन एका लोखंडी खांबापुढे रांगेत उभी होती. खांबावर छोटा टीव्ही, टीव्हीत तेजनाथ महाराज आणि टीव्हीखाली पुन्हा तेजनाथ महाराज. वरचे प्रवचन करत होते, खालचे पिस्ते खात होते.

खांबाला हात लावला की अंगात झिणझिण्या येत. "जय हो!" म्हणत माणूस मागे सरके आणि पुढचा हात लावी.

"चप्पल घालणाऱ्या नास्तिकाला अनुभव येणार नाही," महाराज बजावत. "ओल्या पायांनी या. शक्तीला शुद्धता लागते!"

पंधरा दिवस हेच चाललं होतं. लाइट गेली की शक्तीही जाई. तेव्हा महाराज समाधीत गेलेत, असं शिष्य सांगे आणि लोक ते ऐकून घेत! हीच माणसं वांग्याला पाणी देताना मोटरच्या पेटीचा असाच झटका बसला की वायरमनचा उद्धार करतात. मला त्यांची कीव येत नव्हती; आधी हसू यायचं, आता संताप येत होता. मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो; यातली निम्मी माझ्याच हाताखालून गेलेली.

रांगेत गावातली गोपिका होती, नऊ वर्षांच्या लेकीला, रूपालीला घेऊन. रूपालीला मिरगी. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी वर्षभर फिट आली नव्हती.

"गोळ्या चालू हायेत ना?" मी विचारलं.

"चार दिस झाले, बंद केल्या गुरुजी. महाराज म्हणे, दवाई अन् शक्ती एका अंगात नाई राहत."

"अवं, काऊन ऐकतं त्याचं?"

"मंग काय जनमभर गोळ्या चारू पोरीले? लगन कोण करन तिच्याशी?"

तेवढ्यात भागीरथाबाई आली. ती भाजी पिकवते, विहिरीवरची मोटर स्वतः सांभाळते, म्हणून कमरेच्या पिशवीत कायम टेस्टर. पायात रबरी चप्पल. रांग मोडून ती सरळ पुढे गेली आणि तिने खांबाला टेस्टर लावला. टेस्टर लाल पेटला.

"गोपिका, पोरीले मांगं घे! खांबात करंट हाये."

"ही दैवी ऊर्जा..." महाराज सुरू झाले.

"असन बाप्पा. तुमी त्या खडावा काढा, पाय ओले करा, अन् धरा खांब. तुमची तं घरचीच शक्ती हाये."

महाराजांनी पायातल्या लाकडी खडावांकडे पाहिलं, मग ओल्या फरशीकडे.

"आज आमचं मौन आहे," ते म्हणाले.

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मी प्लग काढला आणि स्टुलावर चढलो. टीव्हीच्या क्लॅम्पखाली वायर चेपून सोलली गेली होती. प्लगची अर्थिंगची पिन कापलेली. करंट खांबात झिरपत होता आणि ओल्या पायांतून जमिनीत जात होता. रबर आणि लाकूड त्याला अडवत होतं. एवढीच ती शक्ती! तांबं पुरतं टेकलं असतं, तर खांबाला मुडदा चिकटला असता. शिष्याला दरडावल्यावर त्याने कबूल केलं: टीव्ही बसवला त्याच दिवशी पहिला झटका त्यालाच बसला होता. महाराजांनी वायरमनला बोलावलं नाही, गावाला बोलावलं.

तोच मागे धप्पकन आवाज झाला. रूपाली फरशीवर पडली होती, हातपाय झाडत होती.

"महाराज!" गोपिका किंचाळली. महाराज जीपमध्ये चढत होते.

आम्ही पोरीला कुशीवर वळवलं आणि सरपंचाच्या गाडीतून सेवाग्राम गाठलं. ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"म्याच," गोपिका म्हणाली. महाराजांचं नाव तिने घेतलं नाही.

लोकहो, झटका बसला तर आधी मेन स्विच बंद करा. लेकराची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. हे सांगायला विज्ञानाचा मास्तर लागत नाही. आणि लागलाच, तर तो माझ्यासारखा पंधरा दिवस पानठेल्यावर बसून रांगेला हसणारा नसावा.