मर्दाचा दगड

मी मर्दाचा दगड बोलतोय. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या आमच्या दरीत मला हेच नाव आहे. नदीने घासून मला गुळगुळीत केलं, आणि कधीतरी कुणीतरी मला चर्चच्या फाटकाशी आणून ठेवलं. जो मला कमरेपर्यंत उचलेल तो पुरुष. मोठ्यांच्या बाकावर बसायचा मान त्यालाच.

टॉर्किलने मला उचललं तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याचा जिवलग मित्र नील मात्र दर रविवारी माझ्याशी झटायचा आणि हरला की हसत बसायचा. "राहू दे रे. मी आपला बायकांच्या बाकावर बसतो, तिथे केक मिळतो."

पुढे महायुद्ध आलं. दोघेही फ्रान्सला लढायला गेले. परत आला तो एकटा टॉर्किल, छातीवर पदक लावून.

विजयाचा उत्सव ठरला. जमीनदारसाहेबांनी माझ्यावर ब्रिटनचा झेंडा पसरला. "आपल्या दरीतला मर्द कशाचा घडलाय ते आज बघा," असं म्हणत त्यांनी झेंडा बाजूला केला. टॉर्किल वाकला. त्याचे हात माझ्याखाली शिरले, पण मी जागचा हललो नाही.

"लाज घालवतोस काय पोरा?" त्याचा चुलता लाखलन म्हणाला. "हाच दगड उचलला होतास ना?"

"नीलला पाठीवर घेऊन निघालो होतो, काका." टॉर्किल माझ्याकडेच बघत होता. "तो गाणं म्हणत होता. मध्येच थांबला. तेव्हापासून हातांत जोरच येत नाही."

नीलची आई मोराग गर्दीतून पुढे आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"कोणतं गाणं?"

"गाई घरी आणतानाचं."

"म्हण बघू."

तो म्हणू लागला. पदकवाला गडी सगळ्यांदेखत रडत होता, पण एकही कडवं त्याने सोडलं नाही. लाखलनने टोपी काढली, मग एकेकाने काढली. शेवटी चुलत्याचाच जाड आवाज पुतण्याच्या आवाजाला येऊन मिळाला. मी कितीतरी बलदंड माणसं पाहिली होती. अशी ताकद पाहिली नव्हती. दगडाच्या अंगावर काटा येत असता, तर तो तेव्हा आला असता.

"त्याला थंडी वाजत होती का रे?" मोरागने विचारलं.

"नाही मावशी. माझा कोट घातला होता त्याला."

मी अजून तिथेच आहे. एका अंगाला शेवाळ धरलंय. लांबून पिळदार अंगाचे तरुण येतात, मला उचलतात, फोटो काढतात. जरूर उचला, मला आवडतं. फक्त दमलात की घटकाभर माझ्यावर बसा. त्यासाठी कुणालाच काही सिद्ध करावं लागत नाही.