बागेतली ओटी

माझी आई, रुक्माबाई, गेलं वर्षभर सुनेला हात लावत नाही. ताट वाढून जमिनीवर ठेवते आणि बोटानं पुढं सारते. चहाचा कप कट्ट्यावर ठेवून "घे गं" म्हणते आणि मागं सरकते.

कारण मी सांगते. गेल्या खेपेला रचनाला, म्हणजे माझ्या वहिनीला, तिसरा महिना लागला तेव्हा चोरओटी भरायची होती. ही ओटी गाजावाजा न करता घरातल्या घरात भरतात. थोरल्या काकू, नागुबाई, लोंढ्याला लग्नाला गेल्या होत्या, म्हणून आईनंच भरली. पाचव्या महिन्यात पोर गेलं. काकू दारात चपला काढता काढताच बोलल्या, "पांढऱ्या कपाळाची ओटी. दुसरं काय हुणार?"

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पिशवीचं तोंड सैल आहे, पुढच्या वेळी टाका घालू. आईनं डॉक्टरचं ऐकलं नाही, जावेचं ऐकलं. नवरा हार्टनं मेला त्यात हिचा काय गुन्हा? पण विधवेला अपशकुनी ठरवायला कोर्टकचेरी लागत नाही. कुंकू लावलेली एक बाई पुरते.

आता परत सातवा महिना. टाका घातलाय, सगळं ठीक आहे. पुढच्या ऐतवारी घरी डोहाळजेवण आणि काकूंचा हुकूम असा की रुक्मानं सैपाकघरात बसायचं. आई लगेच "व्हय" म्हणाली. मला तिच्या त्या "व्हय"चाच जास्त राग आला.

म्हणून रचनानं ह्या ऐतवारी मोठी बोटॅनिकल बाग बघायचा हट्ट धरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जा, पण हळू चाला. माझा भाऊ सौरव गाडी चालवत होता आणि त्याला वाटत होतं, बायकोला झाडं बघायची आहेत. तिच्या पिशवीत काय आहे ते फक्त मला माहीत होतं. नारळ, खण, गहू, हळदीकुंकवाची पुडी. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं सासूकडनं ओटी भरून घ्यायची, हा तिचा बेत.

आई बागेत खुलली. काचेच्या घरात निवडुंगाच्या कुंड्या मांडलेल्या बघून म्हणाली, "ह्यास्नी काचंचं घर! आमच्या बांधावर ह्यास्नी कुत्रं इचारत न्हाय."

"आई, तिकीट काढलंय. नीट बघ," सौरव म्हणाला.

"बघालोय की. पैसं देऊन काटं बघालोय."

रचना हसली आणि हसताना तिनं पोटाला हात लावला. आईचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि परत आला. मी बघितलं.

पुढं चढ होता. सौरव बॅटरीच्या गाडीच्या रांगेत उभा राहायला गेला आणि आम्ही तिघी एका फणसाखाली बसलो. पार बुंध्यापासून फळं लागलेली. आईनं उठून एकावर टिचकी मारली, कान लावला.

"कवळं हाय. आपला यंदा ह्याच्यापरास लई लागलाय."

"आपला कुणी लावला आत्ती?" रचनानं विचारलं.

"मीच की. तुझं मामंजी गेले त्याच साली."

"मग तुमचा हात फणसाला बाधत न्हाय, मलाच कसा बाधतोय?"

रचनानं पिशवीतनं नारळ काढला, खण काढला. आईचं तोंड उतरलं.

"नीलम, हिला सांग. असलं खूळ नगं."

"मी का सांगू? तिचंच बरोबर हाय."

"तुमी दोघी मिळून मला फसवून आणलासा व्हय?" आई उठली आणि चढावरनं तरातरा चालू लागली. रचनाही उठली, तिच्या मागनं निघाली. एका हातात नारळ, एक हात कमरेवर. मी "अगं थांब" म्हणेपर्यंत ती पुढं. आईनं वळून बघितलं.

"पळू नगं! टाका हाय गं, पळू नगं!"

आणि आईच धावत खाली आली. तिनं रचनाचे दोन्ही दंड धरले. घट्ट. वर्षानंतर.

रचनाला दम लागला होता. "मला भ्या वाटतंय आत्ती," ती म्हणाली. "तुमच्या हाताचं न्हवं. काकू पाच सवाष्णी आणतील, माझी ओटी भरतील, जेवून जातील. पोर गेलं तवा माझ्या उशाला त्यांतली एक तरी होती का? माझं रक्त कुणी धुतलं?"

आई रडली नाही. तिनं हात सोडलेही नाहीत. मग म्हणाली, "खाली बस. पूर्वेला तोंड कर. आणि पदर नीट धर, बाजारात बसल्यावाणी काय बसल्यास?"



आईनं हळदीकुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला. गव्हाची ओंजळ भरली तेव्हा घाईत निम्मे गहू गवतात सांडले. तेवढ्यात शिट्टी वाजली. बागेचा राखणदार कानडीत ओरडत आला, इथं कार्यक्रम करायचा नाही, खाणं टाकायचं नाही.

दाराबाहेर मान वर न करणारी माझी आई त्याला म्हणाली, "अण्णा, सुनेची ओटी भरालोय. दोन मिनिटं दम धर. गहू मी येचून देतो."

तो पोटाकडं बघून थांबला. मग पाठ करून उभा राहिला. आईनं राहिलेल्या ओंजळी भरल्या. शेवटच्या ओंजळीनंतर ती हळूच म्हणाली, "काय हुणार न्हाय न्हवं गं?"

"ते मला म्हाईत न्हाय आत्ती," रचना म्हणाली. "पण झालंच काय, तर तुमच्यामुळं न्हाय."

आईनं मान हलवली आणि गहू वेचायला बसली.

सौरव गाडी घेऊन आला तेव्हा रचनाचा पदर भरलेला, कपाळावर कुंकू, आई गवतात. त्यानं आधी बायकोकडं बघितलं, मग राखणदाराकडं. "हे काय? कुणी भरली?"

आई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी भरली. का रं?"