काशीमावशीची चाळीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तळहातावर मावणारा, काळा, बाजूला एक लाल बटण असलेला. माझे सुटे भाग कुठे जोडले गेले ते मला ठाऊक नाही. रत्नागिरीतल्या एका संस्थेने मला विकत घेतले, आणि डबीतून बाहेर आल्यावर मी पहिला आवाज ऐकला तो तिथल्या दर्शन सरांचा. पहिली दोन वर्षे मी सत्काराची भाषणे आणि टाळ्या टिपल्या. "किती स्वच्छ आवाज पकडतो हा," असे कोणी म्हटले की मी फुशारून जाई. आज ते आठवले की माझी मलाच शिसारी येते.

मग संस्थेत संशोधन आले. डोंगरावरच्या लहान लहान समाजांची संस्कृती, त्यांच्या भावना आणि त्यांचे मानसिक आरोग्य, असा लांबलचक विषय होता. सर प्रमुख होते. पण डोंगर ते कधी चढले नाहीत. चढली ती श्रद्धा, नुकतीच एम.ए. झालेली सावर्ड्याची मुलगी. ती मला रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवी.

संगमेश्वरच्या वर, गाडीरस्ता संपला की तासभर चढ आहे. तिथे अकरा घरांची धनगरवाडी. हे लोक म्हशी पाळतात आणि दूध खाली बाजारात घालतात. खालच्यांना त्यांचे दूध चालते, पण लग्नाच्या पंगतीला ते यांना आठवणीने विसरतात. वाडीत पहिल्याच घरी काशीमावशी आणि केरूमामा हे नवराबायको राहत होते. त्यांचा एकुलता मुलगा सागर दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. त्याने स्वतःच आपला जीव घेतला होता. हे सगळ्या वाडीला ठाऊक होते, पण कोणी उच्चारत नव्हते. घरात ती दोघेही एकमेकांशी त्याचे नाव काढत नव्हती.

काशीमावशीने श्रद्धाला आधी ताक दिले. मग श्रद्धाने कागद काढला आणि विचारले, "मावशी, गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटलं का? कधीच नाही, काही दिवस, की रोज?"

"निराश म्हंजे?"

श्रद्धाने समजावले. मावशीने ताकाचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तसं नाय बाय. हात भाकरी थापतात, पण मी तिथं नसते."

कागदावर अशा उत्तरासाठी चौकट नव्हती. श्रद्धाने 'काही दिवस' यावर खूण केली. मला वाईट वाटले, पण मी यंत्र. बोलणार काय?

प्रश्न संपले. श्रद्धा मला बंद करणार एवढ्यात मावशी आपणहून बोलू लागली. श्रद्धाने विचारले, "हे चालू ठेवू का?"

"राहू दे. पण कोणाला ऐकवू नको."

चाळीस मिनिटे ती बोलली. सागरबद्दल बोलली. मधेच रडली, पदराने डोळे पुसून पुन्हा बोलली. इतका खरा आवाज मी तोवर कधी टिपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला टेबलावर ठेवले आणि वडा खात खात ते ऐकले. ज्या बोटांना तेल आणि चटणी लागली होती त्याच बोटांनी ते माझी बटणे दाबत होते. मागे घे, पुढे ने. मध्येच ते म्हणाले, "वा, रडणं छान आलंय. हा तुकडा संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटी लावू."

मित्रांनो, मला पोट असते तर मी तिथेच ओकलो असतो.

श्रद्धा हळूच म्हणाली, "सर, त्या नको म्हणाल्या होत्या."

"नाव कुठे सांगतोय आपण? कोण ओळखणार आहे?"

श्रद्धा पुढे काही बोलली नाही.

कार्यक्रमात तो तुकडा लागला. लोकांनी रुमाल काढले आणि मग बिस्किटे खाल्ली. कोणीतरी आपल्या मोबाइलवर तो आवाज उतरवून घेतला आणि पुढे पाठवला. आठवडाभरात तो संगमेश्वरच्या बाजारात पोहोचला. केरूमामा दूध घालून चहा प्यायला बसले होते, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या माणसाच्या मोबाइलमधून त्यांना आपल्या बायकोचे रडणे ऐकू आले. ते चहा तसाच टाकून उठले. त्या दिवसापासून ते बाजारात उतरले नाहीत.

महिन्याने श्रद्धा पुन्हा वर गेली, तेव्हा तिला यातले काहीच माहीत नव्हते. काशीमावशीने तिला अंगणातच उभे ठेवले. पाणीसुद्धा विचारले नाही. बाजारात काय झाले ते सांगून ती म्हणाली, "कोणाला ऐकवू नको, येवढंच बोलले होते ना मी?"

श्रद्धाचा चेहरा उतरला. "मावशी, सरांनी..."

"सराला मी नव्हतं सांगितलं. तुला सांगितलं होतं."

श्रद्धा खाली मान घालून रडू लागली. तिची मला कीव आली नाही. ज्या दिवशी बोलायचे, त्या दिवशी ती गप्प बसली होती. आणि मी तर तिच्याहून वाईट. कोणीही बटण दाबावे आणि मी सगळे ओकून टाकावे, हाच माझा जन्म.

एवढ्यात केरूमामा गोठ्यातून आले. त्यांनी मला श्रद्धाच्या हातातून घेतले आणि उलटसुलट पाहिले. "ह्याच्यात हाय ती?"

"हो मामा."

"मग सगळं लाव. बाजारात येवढंसंच ऐकलं. ती पुरतं काय बोलली ते मला कुठं ठावं हाय?"

काशीमावशी "नको" म्हणाली नाही. केरूमामा पायरीवर बसले, तीही त्यांच्या शेजारी टेकली. श्रद्धा लांब काजूखाली जाऊन बसली. माझा आवाज सुरू झाला आणि दोघांनी चाळीस मिनिटे मान वर केली नाही. मी थांबलो तेव्हा केरूमामा बोलू लागले. सागरचे नाव त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा घेतले. श्रद्धा मला घ्यायला जवळ आली होती. सवयीने तिचा अंगठा माझ्या लाल बटणावर गेला. आता हेही टिपले जाणार, असे मला वाटले. पण तिने अंगठा काढून घेतला आणि ती मागे सरकली.

बऱ्याच वेळाने काशीमावशी म्हणाली, "बाजारात गेलं ते आता परत येत नाय. ह्यातलं तरी पूस. तुमच्या हापिसात असंल ते बी."

श्रद्धाने तिथेच माझ्यातले पुसले आणि संध्याकाळी संस्थेतलेही. सरांनी तिला कामावरून काढले आणि मला तुटक्या वायरींच्या खोक्यात टाकले. अहवाल छापला गेला, गाजलाही. त्यात एक वाक्य आहे, 'या समाजात भावना व्यक्त करण्याची पद्धत नाही.' खोक्यात पडल्या पडल्या मी ते सरांच्या तोंडून ऐकले. असा किळसवाणा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. माझ्यावर खुशाल धूळ बसू द्या. पण कोणी तुम्हाला विश्वासाने काही सांगितले, तर ते जपा. आणि ते कोणी चव्हाट्यावर मांडू लागले, तर त्याच क्षणी तोंड उघडा.

केरूमामा त्या दिवशी पायरीवर काय बोलले, ते मी बंद असूनही ऐकले. शब्दन् शब्द आठवतो. ते मी तुम्हाला सांगणार नाही.