मोठ्या बाईंचं कॉफीचं मशीन

"पार्टच येत नाहीये बाई. मी तरी काय करणार?" मेकॅनिकने कॉफी मशीनचं झाकण लावलं.

पार्ट त्याच्या खिशात होता. बोटाच्या पेराएवढा फ्यूज, चांगला ठणठणीत. नऊ दिवसांपूर्वी त्यानेच काढला होता.

"अहो, डोकं ठणकतंय माझं," मुख्याध्यापिका कपाळ चोळत म्हणाल्या. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत.

ठणकू दे. चांगलं ठणकू दे!

याच बाईंनी सगळ्या वर्गादेखत त्याच्या लेकीचा थर्मास बाहेरच्या बेसिनमध्ये ओतला होता. पंधरा वर्षांची पोर. पहाटे पाचला उठून क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. डोळे मिटायला लागले म्हणून दोन घोट कॉफी घेतली, तर काय आभाळ कोसळलं? "या वयात कॉफी? घरचे शुद्धीवर आहेत का तुझ्या?" पोरी फिदीफिदी हसल्या. घरचे म्हणजे तोच. कॉफी तो करायचा, थर्मास तो भरायचा. आणि स्वतः बाई दिवसाला चार कप ढोसणार! लोका सांगे ब्रह्मज्ञान.

"रोज येऊन बघत जाईन," तो नम्रपणे म्हणाला. आणि आलाही. बाई शिपायावर खेकसल्या, सकाळच्या सभेत माइकसमोरच त्यांनी भलीमोठी जांभई दिली. दाराशी उभा राहून तो मनातल्या मनात टाळ्या पिटत होता. पण तेवढ्याने त्याचं पोट भरेना. पोरींसमोर त्यांची फजिती व्हायला हवी होती.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत देव पावला. बाई टेबलावर डोकं टेकून गाढ झोपलेल्या, तोंड उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला. तेवढ्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन लेकच आली.

"ये, ये! बघ तुझ्या मोठ्या बाई. बोलाव सगळ्यांना!"

ती हसली नाही. तिने वह्या ठेवल्या, बाईंचा चष्मा अलगद काढून बाजूला ठेवला.

"हळू ना बाबा. झोपू दे त्यांना."

"अगं, हिनेच तुझा थर्मास..."

"माहितीये. पण किती दमल्यात बघ." त्याला बाहेर नेऊन तिने दार लोटलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. "बाबा, उद्यापासून जरा कडक करशील कॉफी? हल्ली तेवढीने काहीच होत नाही."

झोपू दे पोरीला, असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. उलट जागं राहायची सोय तोच रोज थर्मासात भरून देत होता.

ती वर्गाकडे गेली. त्याने आत येऊन आवाज न करता फ्यूज बसवला. बाईंना माफबिफ काही केलं नव्हतं त्याने. पण आता खिशात तो ठेववेना.

दुसऱ्या दिवशी पाचला दोन मिनिटं कमी असताना त्याने गजर बंद केला. लेकीने कूस बदलली. ओट्यावर थर्मास पालथा होता. तो तसाच राहू देऊन मेकॅनिक तिच्या खोलीच्या दाराशी बसून राहिला.