गेटाजवळचं दुकान

सुचिता भोईर जुईनगरच्या ज्या शाळेत शिकवायची, तिथे अकरावी-बारावीला विपणन आणि विक्रीकौशल्याचा एक व्यवसाय अभ्यासक्रम होता. दहावीला काठावर पास झालेल्यांना तिकडे ढकलायचं, असा शाळेचा रिवाज. स्टाफरूममध्ये त्या वर्गाला 'विक्रीवाले' म्हणत. बहुतेक मुलं वाशीच्या मार्केटात ओझी वाहणाऱ्या साताऱ्याकडच्या माणसांची होती. विक्रीचे टप्पे त्यांना तोंडपाठ असायचे, पण समोर उभ्या राहिलेल्या माणसाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली की मान खाली जायची.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये सुचिताने मुख्याध्यापकांच्या मागे लागून गेटाजवळची जुन्या सायकलींची खोली मिळवली. मुलांनी ती झाडून घेतली, चुना मारला, आणि तिथे वह्या-पेनांचं दुकान सुरू झालं. माल आणायचा मुलांनी, मांडायचा मुलांनी, विकायचाही मुलांनीच.

बारावीतली प्रेमला माने पहिला आठवडाभर गिऱ्हाइकाकडे न बघताच वही पुढे सरकवायची. मग तिच्या एक लक्षात आलं. पहिली-दुसरीच्या मुलांना घ्यायला दुपारी त्यांच्या आया येतात, अर्धा तास उन्हात ताटकळतात, आणि घरी जाऊन वह्यांना कव्हरं घालायचा त्यांना कंटाळा असतो. तिने बाहेर दोन बाकं टाकायला लावली आणि वहीला कव्हर तिथल्या तिथे घालून द्यायला सुरुवात केली. आया बसायला लागल्या. प्रेमला त्यांच्याशी बोलायला लागली.

"मॅडम, त्यांना आपन कायतरी विकतोय असं वाटलं नाय पायजे," एकदा ती सुचिताला म्हणाली. "त्यांचं काम हलकं झालं पायजे, बस."

सुचिताने त्या दिवशी वर्गात स्वतः काही शिकवलंच नाही. प्रेमलालाच फळ्यापाशी उभं केलं.

गणपतीनंतर मुख्याध्यापकांनी सुचिताला बोलावलं. "खोली रिकामी करायची आहे. वरून निरोप आलाय."

"का पण, सर?"

"ते मला विचारू नका." ते खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्याच्या पलीकडे सुधीर पाटलांचं स्टेशनरीचं दुकान होतं, आणि सुधीरशेठ संस्थेचे विश्वस्त कुंदनशेठ यांचे मेव्हणे होते.

संध्याकाळी सुचिता कुंदनशेठच्या घरी गेली. ते तिच्याच गावचे, जमिनी शहरासाठी गेल्यावर बांधकामात उतरलेले. शाळेतली नोकरीही त्यांच्याच शब्दावर तिला मिळाली होती. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला.

"बाय, तू आपल्या गावची पोर हाय. तू चांगलं शिकवतेस, सगली बोलतात."

"मग दुकान राहू द्या ना, काका. मुलांना तिथे जे येतं ते वर्गात येत नाही."

"शालेत दुकान कशाला? शाला शिकवासाठी हाय. पुस्तकात सगलं दिलेलं हाय ना?" ते अगदी मायेने बोलत होते. "तुजी नोकरी चांगली चाललीय. चालू दे."

चहा संपवून तिने कप स्वतःच आत नेऊन ठेवला. घरी आईने विचारलं, काय झालं, तेव्हा ती म्हणाली, "काही नाही. बोलून आले."

मुलांनी खोली एका दुपारीत रिकामी केली. कुणी भांडलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. वरून आलेल्या निरोपाला विचारायचं नसतं, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं. सुचिताला तेच सहन होईना.

दिवाळीनंतर प्रेमला वर्गात दिसेनाशी झाली. ती आता सुधीरशेठच्या गल्ल्यापाशी उभी असते, असं मुलांनी सांगितलं. पोरगी चलाख आहे, उद्यापासून पाठवा, असा शेठनी तिच्या वडिलांना निरोप धाडला होता.

सुचिता मान्यांच्या खोलीवर गेली. प्रेमलाचे वडील बाबासो नुकतेच मार्केटातून आले होते. भिंतीला पाठ टेकून त्यांनी पाय लांब केले होते, ते बाईंना बघून आखडून घेतले.

"तीन महिन्यांवर परीक्षा आहे हो. तेवढी देऊ द्या तिला. मग करू दे नोकरी."

"बाई, मार्चपत्तूर शेठ जागा रिकामी ठिवनार हाय का?"

"बारावी झाली तर याहून चांगली नोकरी मिळेल."

बाबासोंनी मान हलवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमीच मीटिंगीत म्हनला हुता न्हवं, ह्या शिक्षनानं पोरीला नोकरी लागंल म्हनून? लागली की वो. तुमचं उपकारच हायेत."

सुचिताने प्रेमलाकडे बघितलं. ती स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती.

"तुला काय वाटतं, प्रेमला?"

"मला तिथं काम जमतंय, मॅडम," ती वळून न बघता म्हणाली. "टेन्शन नका घेऊ."

मार्चमध्ये परीक्षेला प्रेमलाचा बाक रिकामा राहिला. सुचिताने त्याआधी संस्थेकडे अर्ज केला होता, सुधीरशेठच्या दुकानातलं काम प्रात्यक्षिक म्हणून धरा, मुलगी घरी अभ्यास करून परीक्षा देईल. उत्तर आलं नव्हतं. मुख्याध्यापकांना विचारलं, तर ते म्हणाले होते, "बघू."

जूनमध्ये शाळा उघडली आणि पलीकडच्या दुकानात गर्दी झाली. गल्ल्यावर सुधीरशेठचा मुलगा कुणाकडेही न बघता वह्या पुढे टाकत होता. बाहेर आया उन्हात उभ्या होत्या. सुचिता आत शिरली. प्रेमला मागच्या माळ्याखाली पुठ्ठ्याची खोकी फोडत बसली होती.

"तू इथे मागे का?"

"शेठचा मुलगा आला ना कॉलेज संपवून. आता पुढं तो बसतो."

"ऑक्टोबरची परीक्षा दे. मी शिकवते तुला, रविवारी ये."

"रविवारी माल येतो, मॅडम." प्रेमलाने खोक्यातून वह्यांचा गठ्ठा काढून मांडीवर घेतला. "तुमाला काय पायजे होतं का?"

सुचिताला काही नको होतं. तरी तिने एक पेन मागितलं. प्रेमलाने ते कागदावर चालवून बघितलं आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं. पैसे द्यायला सुचिता गल्ल्यापाशी रांगेत उभी राहिली. अकरावीच्या नव्या वर्गाची घंटा झाली, तरी रांग पुढे सरकली नव्हती.