डबीवरचा हात

ते साल २००९. थोरलीला चौसष्ट पूर्ण झाली होती आणि अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागून बावीस वर्षं. टेपांचा जमाना संपला तेव्हा ग्रंथालयानं तिला एक माइक आणि एक लोखंडी डबी दिली. माइकची वायर डबीत, डबीची कॉम्प्युटरात. आवाज आत जायचा तो त्या डबीतूनच.

डबीपाशी धाकटी जाऊ बसायची. दोघींचे नवरे गेलेले, घर एक. थोरली वाचायची आणि धाकटी एक हात डबीवर ठेवून पडद्यावरच्या रेघा बघायची. मध्येच म्हणायची, "जाऊबाई, परत घ्या. दम लागलेला ऐकू येतोय."

एके दिवशी थोरली भडकली. "एवढं कळतं तर ग्रंथालयाच्या आवाजाच्या परीक्षेत नापास कशी झालीस गं?"

धाकटी उठून गेली. थोरली दार लावून एकटी वाचू लागली आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर सुरू झाली.

तीन प्रकरणं परत आली. सोबत चिठ्ठी : शुक्रवारपर्यंत स्वच्छ आली नाहीत तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे जाईल. अशा एका चिठ्ठीनंतर वाचणाऱ्या दोघीजणी कायमच्या बाद झालेल्या थोरलीनं पाहिल्या होत्या.

तिनं नवी वायर आणली. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, मोबाइल बाहेर ठेवला. घरघर जाईना. मग धाकटी चहा घेऊन आली, "बघू" म्हणत तिनं डबीवर हात ठेवला, आणि घरघर गप्प! ती गेली, पुन्हा सुरू.

थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं डबीच्या प्रत्येक बटणाशी पेन्सिलीची बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी खुणा जागच्या जागी. म्हणजे हिनं आतच काहीतरी केलंय! तिनं डबी कपाटात कुलपात ठेवली.

"डबी कुलपात?" धाकटी म्हणाली. "आणि बांगड्या टेबलावर. चोर गोंधळेल हो."

"घरातला चोर नाही गोंधळत."

गुरुवारी सकाळी थोरलीनं जुन्या ओळखीच्या रेडिओवाल्याला बोलावलं. धाकटी दारात उभी राहिली. त्यानं डबीला बोट लावलं, घरघर थांबली. बोट उचललं, सुरू झाली.

"वहिनी, आता तुम्ही लावा."

थोरलीनं लावलं. थांबली. तिचा चेहरा उतरला.

रेडिओवाला वायर धरत धरत कॉम्प्युटरच्या प्लगपर्यंत गेला. "याची तिसरी पिन कुणी कापली?"

कापून घेतली होती थोरलीनंच. कॉम्प्युटर घरी आला तेव्हा खिडकीजवळच्या जुन्या, दोन भोकांच्या सॉकेटात प्लग बसेना. धाकटी तेव्हा लेकीकडे गेली होती. त्या पिनेचा घरघरीशी काही संबंध असेल हे थोरलीच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"अर्थिंगच गेलं," तो म्हणाला. "आता घरघर हात लावणाऱ्याच्या अंगातून उतरते. रोज धरून बसणाऱ्याच्या बोटांना मुंग्या येत असतील. धोक्याचं आहे हे."

थोरलीनं वळून पाहिलं. धाकटीनं उजवा हात पाठीमागे नेला.

"तुला माहीत होतं?"

"लेकीकडून आले त्या पहिल्याच दिवशी पिन दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"प्लग नीट झाला असता तर डबी धरायला कुणी बसवलं असतं मला? नापास झालेलीला त्या खोलीत दुसरी कुठली खुर्ची होती, जाऊबाई?"

संशय अर्धा खरा निघाला. रेडिओवाल्यानं नवा प्लग लावला, भिंतीत तीन भोकांचं सॉकेट बसवलं. घरघर गेली. पण हातात एकच दिवस, प्रकरणं तीन, आणि घसा दम लागणारा.

"एक मी वाचते," थोरली म्हणाली. "दोन तू."

"चालेल त्यांना?"

"ऐकू देत की. आधी पाणी पी."

पुस्तक त्यांच्याकडेच राहिलं. ग्रंथालयानं एवढंच विचारलं, या दुसऱ्या बाई कोण?

रेडिओवाला दुकान विकून मुलाकडे गेला. थोरली आणखी सहा वर्षं वाचत होती. नजर गेल्यावर तीच धाकटीची पुस्तकं ऐकू लागली, आणि "परत घे, दम लागलाय" असं म्हणायची शेवटपर्यंत राहिली नाही. धाकटी अजून वाचते. डबी बदलली, नवी प्लॅस्टिकची आहे. वाचताना तिचा उजवा हात तरीही डबीवर असतो.